अमेरिकेतली एमएसडब्ल्यू: फी वर्गाची, कमाई फील्डची

अमेरिकेत समाजकार्याची मास्टर्स, म्हणजे एमएसडब्ल्यू, करायची ठरली की बहुतेक जण सगळ्यात आधी विद्यापीठांची क्रमवारी उघडतात. परीक्षणाची सुरुवात तिथूनच करायला हवी, कारण फसगतही तिथूनच सुरू होते. यूएस न्यूज या माध्यमसंस्थेची समाजकार्याची क्रमवारी एकाच गोष्टीवर ठरते: दुसऱ्या विद्यापीठांतले डीन आणि प्राध्यापक या अभ्यासक्रमाला १ ते ५ पैकी किती गुण देतात. विद्यार्थ्यांना फील्ड प्लेसमेंट, म्हणजे अभ्यासाचा भाग म्हणून एखाद्या संस्थेत करायचं प्रत्यक्ष काम, कुठे मिळाली, लायसन्सच्या परीक्षेत किती जण पास झाले, डोक्यावर कर्ज किती राहिलं, यातलं काहीच त्यात धरलेलं नसतं. क्रमवारीत दिसते ती नावाची पत. पुढे पीएचडी करून शिकवायचं असेल तर ती पत कामाला येते. पण रुग्णालयात डिस्चार्ज प्लॅनिंगसाठी (रुग्ण बाहेर पडताना पुढची व्यवस्था लावण्यासाठी) किंवा शाळेत समुपदेशनासाठी माणूस नेमणारा बघतो तो दोनच गोष्टी: लायसन्स कुठलं आहे आणि फील्ड कुठे केलं.

म्हणून ही पदवी उलट्या बाजूने तपासायची. कुठल्या राज्यात काम करणार ते आधी ठरवा. त्या राज्याचं लायसन्स काय मागतं ते बघा. ते कुठला अभ्यासक्रम पुरं करतो ते शोधा. फी आणि नाव त्यानंतर. या क्रमाने बघितलं तर पदवी पैसे वसूल करून देते, आणि बऱ्यापैकी मधल्या क्रमांकाची सरकारी विद्यापीठं मोठ्या नावांपेक्षा सरस निघतात.

मान्यता, आणि तिच्यातली एक पळवाट

सीएसडब्ल्यूई, म्हणजे काउन्सिल ऑन सोशल वर्क एज्युकेशन, ही १९५२ साली स्थापन झालेली संस्था एमएसडब्ल्यूला मान्यता देते. विद्यापीठाला मान्यता असणं वेगळं आणि समाजकार्याच्या अभ्यासक्रमाला असणं वेगळं. लायसन्स देणारी मंडळं दुसरी मान्यता बघतात. ‘ह्यूमन सर्व्हिसेस’ किंवा ‘सोशल पॉलिसी’ अशा जवळपासच्या नावाच्या मास्टर्स पदव्या कितीही चांगल्या असल्या तरी त्यांच्यावर समाजकार्याच्या लायसन्सचा अर्ज चालत नाही. हे पदवी हातात पडल्यावर कळलेली माणसं कमी नाहीत.

नव्या अभ्यासक्रमांच्या पानावर ‘कँडिडसी’ असा शब्द दिसेल. याचा अर्थ मान्यतेची प्रक्रिया चालू आहे, मान्यता मिळालेली नाही. पुढे ती मिळाली तर कँडिडसीच्या काळात प्रवेश घेतलेल्यांची पदवीही मान्य धरली जाते. मिळाली नाही तर धरली जात नाही. फी स्वस्त असते म्हणून हा धोका पत्करायचा असेल तर डोळे उघडे ठेवून पत्करा. आणि मान्यता विद्यापीठाच्या माहितीपत्रकात बघू नका, सीएसडब्ल्यूईच्या संकेतस्थळावरच्या यादीत बघा.

दुसरी तपासणी राज्याची. संघराज्याच्या नियमानुसार, लायसन्सकडे नेणारे अभ्यासक्रम चालवणाऱ्या विद्यापीठांना आपली पदवी कुठल्या राज्याच्या अटी पुऱ्या करते हे जाहीर करावं लागतं. संकेतस्थळावर ‘प्रोफेशनल लायसेन्शर डिस्क्लोजर’ शोधलं की ते पान सापडतं. सहसा तळाशी, बारीक अक्षरात असतं. आपल्या राज्यापुढे ‘ठरवलेलं नाही’ असं लिहिलं असेल तर प्रवेशापूर्वी त्या राज्याच्या मंडळाला ईमेल करून लेखी उत्तर घ्या. प्रवेश सल्लागाराने फोनवर दिलेला शब्द या कामात धरू नये. काही विद्यापीठांच्या ऑनलाइन शाखांचं मार्केटिंग बाहेरच्या कंपन्या फीच्या वाट्यावर करतात. तिथला ‘सल्लागार’ विक्रीवर बसलेला असतो, लायसन्सच्या कायद्यावर नाही.

न्यूयॉर्कचं उदाहरण घ्या, म्हणजे ही तपासणी का करायची ते कळेल. तिथे एलसीएसडब्ल्यू, म्हणजे स्वतंत्रपणे थेरपी करण्याचं लायसन्स, हवं असेल तर अभ्यासात १२ क्रेडिट क्लिनिकल, म्हणजे निदान-उपचाराच्या, विषयांचे असावे लागतात. धोरण, संघटन, संस्था-व्यवस्थापन अशा ‘मॅक्रो’ शाखेतून पदवी घेतलेला माणूस चार-पाच वर्षांनी थेरपीकडे वळायचं म्हणतो तेव्हा त्याला हे क्रेडिट नंतर, सुटे, पैसे भरून करावे लागतात. मॅक्रो शाखा वाईट नाही, उलट तिची गरज मोठी आहे. पण ती घेणाऱ्याने ऐच्छिक विषयांत हे १२ क्रेडिट भरून ठेवले तर पुढची वाट मोकळी राहते.

फील्ड: खरा माल इथे आहे

मान्यताप्राप्त एमएसडब्ल्यूत किमान ९०० तास फील्ड करावं लागतं. पूर्णवेळ अभ्यासक्रम साधारण ६० क्रेडिटचा, दोन वर्षांचा. पहिलं वर्ष सर्वसाधारण कामाचं, दुसरं निवडलेल्या शाखेचं. पहिल्या वर्षी आठवड्याला १६ तास धरले तर ४५० तासांना २८ आठवडे लागतात, म्हणजे जवळजवळ दोन सत्रं पूर्ण. मध्ये फ्लू झाला, संस्था नाताळात दोन आठवडे बंद राहिली की गणित कोलमडतं. प्रवासाचा वेळ आणि जेवणाची सुट्टी तासांत धरत नाहीत. सुपरव्हिजनचा आणि संस्थेने दिलेल्या प्रशिक्षणाचा वेळ सहसा धरतात.

एमएसडब्ल्यूच्या विद्यार्थ्याचा फील्ड इन्स्ट्रक्टर स्वतः मान्यताप्राप्त एमएसडब्ल्यू झालेला आणि पदवीनंतर किमान दोन वर्षं काम केलेला असावा लागतो. संस्थेत तसा माणूस नसेल तर ही जबाबदारी विद्यापीठाला घ्यावी लागते, आणि मग बाहेरचा कुणीतरी आठवड्यातून एकदा येऊन किंवा व्हिडिओवर सुपरव्हिजन देतो. चालतं, पण तो माणूस तुमचं काम डोळ्याने बघत नाही. प्लेसमेंटच्या मुलाखतीत विचारायचा पहिला प्रश्न म्हणूनच हा: माझा इन्स्ट्रक्टर याच इमारतीत बसतो का?

सगळ्यात जास्त गोंधळ कॅलेंडरचा होतो. फॉल, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू होणाऱ्या, सत्राच्या प्लेसमेंटचा फॉर्म बहुतेक ठिकाणी वसंतातच भरून घेतात. मग संस्थेत मुलाखत, मग विद्यापीठ आणि संस्था यांच्यातला करार. करार आधीपासून असेल तर प्रश्न नाही. नव्या संस्थेशी करायचा असेल तर दोन्हीकडचे वकील बसतात आणि त्यात महिने जातात. ‘मी स्वतः एक छान संस्था शोधली आहे’ म्हणणाऱ्यांची प्लेसमेंट सप्टेंबर उजाडला तरी सुरू होत नाही ती याच कारणाने. त्यात बोटांचे ठसे, पार्श्वभूमी तपासणी, टीबीची चाचणी, हेपॅटायटिस बी आणि फ्लूची लस यांचे कागद. लहानपणी बीसीजी टोचलेल्यांची टीबीची त्वचाचाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते. मग एक्स-रे, आणि आणखी दोन आठवडे. भारतातून आलेल्यांनी थेट रक्तचाचणी मागावी, ती बीसीजीने चुकत नाही.

चांगली फील्ड कशी ओळखायची? प्रोसेस रेकॉर्डिंग मागतात का, यावरून. हा एक साधा तक्ता असतो. पहिल्या स्तंभात संवाद, आठवेल तितका शब्दशः. दुसऱ्यात बोलताना विद्यार्थ्याच्या मनात काय चाललं होतं ते. तिसऱ्यात त्याने केलेलं विश्लेषण. चौथा स्तंभ इन्स्ट्रक्टरचा. समजा, क्लायंट म्हणाली, ‘मी बरी आहे.’ विद्यार्थ्याने लगेच विचारलं, ‘गोळ्या वेळेवर घेता ना?’ दुसऱ्या स्तंभात त्याने प्रामाणिकपणे लिहिलं: ‘शांतता सहन झाली नाही.’ आणि इन्स्ट्रक्टरने चौथ्या स्तंभात पेन्सिलने लिहिलं: ‘बरी आहे म्हणताना तिने पर्स दोनदा उघडून मिटली, हे तुम्हीच वर नोंदवलंय. मग तिथे का नाही थांबलात?’ या एका ओळीत जे शिकायला मिळतं ते सत्रभराच्या व्याख्यानांत मिळत नाही. एका तासाच्या भेटीचं असं रेकॉर्डिंग लिहायला दोन-तीन तास लागतात, आणि विद्यार्थी त्याला कंटाळतात. पण ज्या फील्डमध्ये ते कुणी मागतच नाही, तिथे विद्यार्थी फुकटचा कारकून होतो.

तसा कारकून व्हायची पाळी आली तर काय करायचं? प्लेसमेंटच्या सुरुवातीला ‘लर्निंग अ‍ॅग्रीमेंट’ नावाचा कागद भरून घेतात. त्यात सीएसडब्ल्यूईच्या २०२२च्या निकषांतल्या नऊ क्षमता आणि प्रत्येकीसमोर तुम्ही कुठलं काम करणार ते लिहिलेलं असतं. हा कागद गुळमुळीत भरू नका. ‘क्लायंटशी संवाद साधणे’ असं लिहिलं तर फोन उचलणंही त्यात बसतं. ‘सत्र संपेपर्यंत किमान चार क्लायंटसोबत सलग भेटी, त्यांपैकी दोघांचं लेखी मूल्यांकन’ असं लिहा. चौथ्या आठवड्यापर्यंत क्लायंट दिला गेला नसेल तर विद्यापीठाच्या फील्ड लिएझॉनला, म्हणजे संस्थेशी दुवा ठेवणाऱ्या माणसाला, ईमेल करा, आणि त्या कागदातली ओळ उद्धृत करा. दहाव्या आठवड्यात तक्रार केली तर प्लेसमेंट बदलून मिळते, पण आधीचे तास नव्या ठिकाणी पूर्ण मोजले जातीलच असं नाही.

नोकरी करणाऱ्यांसाठी एक चांगला बदल झाला आहे. २०२२च्या निकषांनुसार स्वतःच्या नोकरीच्या जागी फील्ड करता येतं, आणि नोकरीचं रोजचं काम नऊ क्षमतांशी स्पष्टपणे जोडून दाखवता आलं तर तेच काम फील्ड म्हणून धरता येतं. पूर्वी कामं वेगळी दाखवावी लागायची. मात्र आधी केलेल्या नोकरीचं किंवा स्वयंसेवेचं क्रेडिट कुठलाही मान्यताप्राप्त अभ्यासक्रम देत नाही, वीस वर्षांचा अनुभव असला तरी. आणि संध्याकाळची किंवा फक्त शनिवार-रविवारची प्लेसमेंट फार दुर्मीळ असते, कारण इन्स्ट्रक्टर दिवसा कामावर असतो. ऑनलाइन अभ्यासक्रमाची जाहिरात ‘तुमच्या सोयीने’ म्हणते तेव्हा ती वर्गाबद्दल बोलत असते, फील्डबद्दल नाही.

व्हिसावर असणाऱ्यांसाठी

एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर पूर्ण ऑनलाइन किंवा अर्धवेळ एमएसडब्ल्यू होत नाही. पूर्णवेळ अभ्यासाच्या हिशेबात सत्राला एकच ऑनलाइन विषय धरता येतो. फील्डसाठी सीपीटीची, म्हणजे अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम करण्याच्या परवानगीची, नोंद आय-२० या विद्यापीठाने दिलेल्या कागदावर पहिल्या दिवसाआधी व्हायला हवी. अभ्यासक्रमातच लगेच फील्ड असल्याने पदव्युत्तर विद्यार्थ्याला एक वर्ष थांबण्याची अट यात आड येत नाही. पदवीनंतर ओपीटी, म्हणजे त्याच व्हिसावर नोकरीची परवानगी, १२ महिन्यांचं. समाजकार्य स्टेम, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञान-गणिताच्या विषयांच्या, यादीत नाही, त्यामुळे इंजिनिअरिंगवाल्यांना मिळणारे पुढचे २४ महिने इथे मिळत नाहीत. १२ महिन्यांत लायसन्स, नोकरी आणि एच-१बी या नोकरीच्या व्हिसासाठी प्रायोजक जमवणं अवघड आहे, आणि अर्ज करतानाच हे समजून घ्यायला हवं. विद्यापीठं आणि त्यांच्याशी संलग्न ना-नफा रुग्णालयं एच-१बीच्या वार्षिक मर्यादेबाहेर असतात. दुसऱ्या वर्षाची प्लेसमेंट अशा रुग्णालयात घेणं म्हणून शहाणपणाचं.

एच-४ वर, म्हणजे एच-१बीवाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, शिकता येतं, अर्धवेळसुद्धा. पण कामाचा परवाना नसेल तर मानधन असलेली प्लेसमेंट किंवा स्टायपेंड घेता येत नाही, आणि बिनपगारी प्लेसमेंटबद्दलही विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाकडून आधी लेखी उत्तर घ्यावं.

अर्ज

जीआरई आता बहुतेक ठिकाणी मागत नाहीत. मागतात ते: मार्कशीट, तीन शिफारसपत्रं, निबंध, रेझ्युमे, परदेशी पदवी असेल तर तिचं मूल्यांकन आणि टोफेल किंवा आयईएलटीएस. फॉल प्रवेशाच्या प्राधान्याच्या तारखा साधारण डिसेंबर ते फेब्रुवारीत पडतात, आणि शिष्यवृत्तीचा पैसा या पहिल्या फेरीतच वाटला जातो. जागा उन्हाळ्यापर्यंत शिल्लक असतात म्हणून अर्ज लांबवणाऱ्याला प्रवेश मिळतो, पैसा मिळत नाही.

भारतातली तीन वर्षांची बीए काही विद्यापीठं अमेरिकी बॅचलरच्या बरोबरीची धरतात, काही धरत नाहीत. फी भरण्याआधी हे एका ईमेलने विचारून घ्यावं. काही ठिकाणी संख्याशास्त्र किंवा मानवी जीवशास्त्राचा एक विषय आधी झालेला लागतो. तो स्थानिक कम्युनिटी कॉलेजात स्वस्तात करता येतो.

निबंधात सगळ्यात जास्त अर्ज पडतात. ‘मला लहानपणापासून लोकांना मदत करायची आवड आहे’ या वाक्याने सुरू होणारे निबंध निवड समितीपुढे ढिगाने असतात, आणि त्या वाक्यातून अर्जदाराबद्दल काहीच कळत नाही. समिती शोधते ती तीन गोष्टी: माणसाच्या अडचणीमागची व्यवस्था याला दिसते का, स्वतःची चूक हा बघू शकतो का, आणि याच विद्यापीठात का येतोय. समजा कुणी लिहिलं: ‘निवारा केंद्रात नाव नोंदवताना मी प्रत्येकाला कायमचा पत्ता विचारत होते. तिसऱ्या आठवड्यात लक्षात आलं की या एका रकान्यापाशी माणसं फॉर्म सोडून उठून जातात. तो रकाना शेवटी नेल्यावर फॉर्म पूर्ण होऊ लागले.’ तीन वाक्यांत निरीक्षण, चूक आणि दुरुस्ती. असा एक प्रसंग पुरतो. उरलेल्या जागेत त्या विद्यापीठाच्या कुठल्या प्लेसमेंट आणि कुठली शाखा हव्या आहेत ते नाव घेऊन लिहा.

स्वतःच्या घरातलं दुःख, आजार, हिंसा याबद्दल लिहावं का? लिहायला हरकत नाही, पण समितीला त्या घटनेचा तपशील नको असतो. त्यातून सावरताना काय कळलं, आणि तसाच क्लायंट समोर आला तर स्वतःचं आणि त्याचं वेगळं कसं ठेवणार, हे हवं असतं. जखम अजून ओली असल्याचं कागदावर दिसलं तर समिती थबकते, कारण वर्षभरात हाच माणूस त्यांच्या शब्दावर कुणाच्या तरी समोर बसणार असतो.

शिफारसपत्रांपैकी एक शिकवणाऱ्याचं, एक कामावरच्या वरिष्ठाचं असावं. ‘मेहनती, नम्र, गुणी’ एवढ्यावर पत्र संपलं तर ते नसल्यासारखंच. पत्र देणाऱ्या सरांना किंवा मॅडमना एक पानभर मुद्दे काढून द्या: कुठलं काम, किती दिवस, काय बदललं. यात संकोच नको, तिथे तशीच पद्धत आहे. आणि त्यांचा ईमेल संस्थेच्या नावाचा असेल तर बरं. खाजगी जीमेलवरून आलेलं पत्र काही पोर्टल पडताळणीसाठी अडवून ठेवतात.

बीएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची बॅचलर पदवी, झालेल्यांना ‘अ‍ॅडव्हान्स्ड स्टँडिंग’मध्ये साधारण वर्षभरात एमएसडब्ल्यू करता येतं. पण ती बीएसडब्ल्यू सीएसडब्ल्यूईने मान्य केलेली, किंवा तिच्या परदेशी पदवी मूल्यांकन विभागाने समकक्ष ठरवलेली लागते. हे वर्ग बहुधा उन्हाळ्यात सुरू होतात, त्यामुळे अर्जाची तारीखही लवकरची असते.

पैसा

अमेरिकेच्या कामगार आकडेवारी विभागानुसार मे २०२३ मध्ये समाजकार्यकर्त्यांचा मध्यम वार्षिक पगार ५८,३८० डॉलर होता. फीचा निर्णय हा आकडा समोर ठेवून घ्यावा. क्रेडिटची किंमत गुणिले ६० एवढाच खर्च नसतो. फील्ड फी, विमा, प्रवास येतो, बालकल्याणाची प्लेसमेंट असेल तर गाडी लागते, आणि मुख्य म्हणजे ९०० तास बहुधा बिनपगारी असतात. तासाला १५ डॉलरची नोकरी त्यासाठी सोडली तर तेच १३,५०० डॉलर झाले. हा खर्च कुठल्याच माहितीपत्रकात लिहिलेला नसतो, आणि या व्यवसायात गरीब घरातली मुलं टिकत नाहीत त्याचं हे एक उघड कारण आहे. विद्यार्थी फील्डला पगार मागतात, ती मागणी रास्त आहे.

नागरिक आणि ग्रीनकार्डवाल्यांसाठी सरकारी कर्जाचे नियमही बदलले आहेत. १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना ग्रॅड प्लस, म्हणजे पदव्युत्तर विद्यार्थ्यांचं जादा सरकारी कर्ज, बंद. साध्या पदव्युत्तर अभ्यासाला वर्षाला २०,५०० आणि एकूण १,००,००० डॉलरची मर्यादा. वैद्यक, वकिली अशा ज्या पदव्यांना जास्त मर्यादा दिली, त्यांच्या यादीत समाजकार्य नाही. महागड्या खाजगी अभ्यासक्रमाचा उरलेला भाग खाजगी कर्जाने भरायचा, तर त्या कर्जाला पीएसएलएफ लागू होत नाही. पीएसएलएफ म्हणजे सरकारी किंवा ना-नफा संस्थेत पूर्णवेळ काम करत १२० हप्ते भरले की उरलेलं सरकारी कर्ज माफ. समाजकार्यवाल्यांसाठी ही योजना खरोखर उपयोगी आहे, फक्त नोकरी देणाऱ्याचं प्रमाणपत्र दरवर्षी भरून ठेवा, दहा वर्षांनी एकदम गोळा करायला जाऊ नका. बालकल्याण विभागात ठरावीक काळ काम करण्याच्या बोलीवर मिळणारं टायटल फोर-ई स्टायपेंडही बघण्यासारखं आहे. काम कठीण असतं, आणि बोली मोडली तर पैसे परत करावे लागतात.

पदवीनंतर

थेरपी करायची असेल तर पदवी ही अर्धी वाट. कॅलिफोर्नियात एएसडब्ल्यू, म्हणजे लायसन्सआधी देखरेखीखाली काम करणारा पदवीधर, म्हणून नोंदणी करून ३,००० तास आणि किमान १०४ आठवडे देखरेखीखाली काम करावं लागतं. त्यात किमान २,००० तास क्लिनिकल, आणि त्यातले ७५० समोरासमोर थेरपीचे. टेक्सासमध्येही ३,००० तास, किमान २४ महिन्यांत, सोबत १०० तास सुपरव्हिजन. न्यूयॉर्क २,००० तास प्रत्यक्ष क्लायंटसोबतचे मागतं. लायसन्स राज्याचं असतं, राज्य बदललं की पुन्हा अर्ज. समाजकार्याचा आंतरराज्य करार २०२४ साली अमलात आला, पण तो सामील राज्यांपुरताच.

कॅलिफोर्नियात पदवीच्या तारखेपासून ९० दिवसांच्या आत नोंदणीचा अर्ज मंडळाकडे पोचला, आणि काम सुरू होण्याआधी नोकरीच्या ठिकाणी बोटांचे ठसे घेतलेले असले, तर नोंदणीचा क्रमांक येण्याआधीचे तासही धरले जातात. एक्क्याण्णवाव्या दिवशी अर्ज गेला तर क्रमांक येईपर्यंतचे सगळे तास पाण्यात. दीक्षान्त समारंभ झाला की लोक सुट्टीवर जातात, त्यात हे घडतं. तासांच्या नोंदीवर सुपरव्हायझरची सही दर आठवड्याला घ्या. तो नोकरी सोडून गेला, आजारी पडला, तर वर्षभराचे तास सिद्ध करता येत नाहीत.

लायसन्सची परीक्षा एएसडब्ल्यूबी ही संस्था घेते. ती नापास झाली तर ९० दिवस थांबावं लागतं. मास्टर्स पातळीची फी २३० डॉलर, क्लिनिकलची २६०. या परीक्षेवर आक्षेपही मोठा आहे: २०२२ साली संस्थेने स्वतःच जाहीर केलेल्या आकड्यांत क्लिनिकल परीक्षेत पहिल्या प्रयत्नात गोरे ८४ टक्के, तर कृष्णवर्णीय ४५ टक्के उत्तीर्ण होते. इलिनॉयने त्याच वर्षापासून एलएसडब्ल्यू, म्हणजे क्लिनिकलच्या खालच्या पातळीच्या, लायसन्ससाठी परीक्षेची अट काढली.

या परीक्षेत आपल्याकडून गेलेल्यांची चूक एका ठरावीक जागी होते. प्रश्न असा असतो: ८२ वर्षांच्या बाईंना रुग्णालयातून घरी जायचंय, मुलगी म्हणते वृद्धाश्रमात पाठवा, समाजकार्यकर्त्याने आधी काय करावं? आपलं मन सांगतं, मुलीला बसवून समजून घ्या, घरच्यांची बैठक बोलवा. बरोबर उत्तर म्हणजे आधी बाईंशी एकट्याने बोला, त्यांची निर्णयक्षमता बघा, आणि मुलीशी बोलण्याआधी त्यांची परवानगी घ्या. कुटुंबाची बैठक चुकीची नाही, पण ती दुसऱ्या क्रमांकावर येते, आणि प्रश्नात ‘आधी’ हाच शब्द मोठ्या अक्षरात छापलेला असतो. सराव करताना उत्तर पाठ करू नका, प्रत्येक पर्यायाला क्रमांक लावत जा: सुरक्षितता, मग क्लायंटची इच्छा, मग माहिती गोळा करणं, मग कृती.

भारतात एमएसडब्ल्यू झाली असेल तर

ही पदवी पुन्हा विकत घेण्याआधी सीएसडब्ल्यूईच्या परदेशी पदवी मूल्यांकन विभागाकडे अर्ज करा. समकक्ष ठरली तर अनेक राज्यांत थेट लायसन्सच्या रांगेत उभं राहता येतं, आणि दोन वर्षांची फी वाचते. अडतं ते एका ठिकाणी. भारतातल्या मार्कशीटवर ‘फील्डवर्क’पुढे गुण असतात, तास नसतात. आठवड्यातले दोन दिवसांचे तास, ग्रामीण शिबिर, ब्लॉक प्लेसमेंट हे सगळं धरून एकूण किती तास झाले, कुठल्या संस्थांत, कुणाच्या देखरेखीखाली, असं पत्र कॉलेजच्या लेटरहेडवर, प्राचार्यांच्या सही-शिक्क्यासह मागून घ्या. फील्डवर्कची डायरी घरी कुठे असेल तर ती शोधून पत्रातले आकडे तिच्याशी ताडून बघा. पाकीट कॉलेजने सीलबंद करून स्वतः पाठवायचं असेल तर तेही त्याच फेरीत सांगा, नाहीतर उघडं पाकीट परत येतं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.